थडीआईची खोळ

बाळंतपण करून मी माहेराहून, नाशिकहून परत आले तेव्हा श्रावण सरत आला होता. दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव ठमाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्यावरून आणि कडेवरच्या लेकीवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, माझ्या डोळ्यांना ओली बोटं लावली. सगळं रीतीनं झालं. मग मी लेकीला, वैजूला, त्यांच्यापुढे केलं, तशा त्या मागे सरल्या.

"आत ये," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यात नको हुबी राहू, वारं हाय."

वारं कुठलं? लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

मुलगी झाली म्हणून रागावल्या असतील, असं मला वाटलं. पण आत गेले तर पाळणा तयार. खाली मऊ गोधडी, त्यांच्याच जुन्या लुगड्यांची. शेजारी दुपट्यांची चळत. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणारी बाई एवढे टाके घालत नाही. फक्त पाळण्याची दोरी भलतीच लांब होती, पार स्वैपाकघरातल्या चुलीपर्यंत गेलेली. आत्याबाई भाकरी थापता थापता डाव्या हातानं ती ओढायच्या. अंगाईही तिथूनच म्हणायच्या, धुरात खोकत. वैजू रडली की मलाच हाक यायची, "परमिले, आगं पोरगी रडतीया!" पाळणा माझ्यापेक्षा त्यांनाच जवळ असला तरी.

आमचं घर म्हणजे थडीआईच्या देवळामागची तीन खणांची जागा. सायखेड्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या थडीवर आमचं गाव आहे, आणि गावाच्याही खाली, जिथून पाणी दिसतं, तिथे देऊळ. आम्ही गुरव. सकाळी देवीची अंघोळ, पूजा आमचे हे करतात आणि मग सायकल काढून ओझरच्या कारखान्यात कामाला जातात. झाडलोट, पाणी, दिवा, निवद हे सगळं आत्याबाईंकडे.

मीही पंचवटीतल्या गुरवाचीच मुलगी, देवळांच्या पायऱ्यांवर रांगत वाढलेली. पण असं देऊळ मी पाहिलं नव्हतं. बाकीची देवळं वर चढतात, हे खाली उतरतं. सभामंडपातून तीन पायऱ्या उतरल्या की गाभारा, आणि तिथे दिवसाही समईशिवाय काही दिसत नाही. सगळा काळा दगड. भिंतीत चुन्याचा कण नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला खुंटी, असे ते एकमेकांना धरून उभे आहेत. खांबांवर घंटांच्या माळा कोरल्यात, इतक्या बारीक की जाता जाता हात लागला तर वाजतील असं वाटावं. वरचं शिखर मात्र विटांचं. ते नंतर कुणीतरी, बहुधा पेशवाईत, चढवलेलं, त्यामुळे देऊळ थोरल्या बहिणीची चोळी घातलेल्या पोरीसारखं दिसतं. गावाला विचाराल तर सगळंच पांडवांनी एका रात्रीत बांधलं. एकोणसत्तरच्या पुरात सभामंडपात माणूसभर पाणी होतं म्हणे, विटा ढासळल्या, पण खालचा एक दगड हलला नाही.

आणि मंडपाच्या छतात दगडी कमळ आहे. खाली बाळ उताणं निजवलं तर नेमकं त्याच्या डोळ्यांवर येईल असं. पण तिथे बाळ निजवायची सोयच नव्हती.

थडीआईला मूल नाही, असं गाव मानायचं. म्हणून दात येईपर्यंत कुठलंही लेकरू तिच्यापुढे उघड्या तोंडानं न्यायचं नाही. पदराखाली झाकायचं आणि गाभाऱ्याबाहेरूनच दर्शन घेऊन पाठ न दाखवता मागे फिरायचं. लेकरावर तिची नजर गेली तर ती त्याला मागून घेते. देवी म्हणजे शेंदराचा नुसता गोळा होता. चांदीचे डोळे बसवलेले, बाकी नाक ना हनुवटी, शेकडो वर्षांच्या शेंदरानं सगळं गिळलेलं. डाव्या अंगाला कमरेपाशी एक उंचवटा होता. ते दैत्याचं मुंडकं. देवीनं दैत्याला मारून काखेत दाबून धरलंय म्हणे. नवरात्रातल्या अष्टमीला बायका कडुनिंबाची डहाळी घेऊन त्या मुंडक्यावर मारायच्या, "इडा जावो, पिडा जावो" म्हणत. लग्नानंतर मीही मारली होती. जोरात.

वैजूला न्हाऊ घालायला साळूबाई यायची. पाय पसरून त्यांच्यावर पोरीला पालथं घातलं की तिचे हात आणि तोंड एकदमच चालू व्हायचं.

"तुझी सासू घेतीया का गं हिला?"

"नाही."

"नाय घ्यायची. तू मनाला नको लावू." तिनं वैजूच्या पाठीवर तेल रगडलं. "तिचं पयलं पोर, भिका. तीन-चार म्हैन्याचं व्हतं. ही आत गाभारा सारवीत व्हती, पोर मंडपात निजिवलेलं. तोंडावर पदराचा तुकडा टाकलेला. वाऱ्यानं उडाला का पोरानंच लाथाडला, देवाला ठावं. ही बाहेर येऊन बघती तर पोर उघडं, डोळं टक्क, वर कमळाकडं बघून हसतंय. आन् आठ दिसांत ताप येऊन गेलं."

वैजू साळूबाईच्या पायांवर बुडबुडे काढत होती.

"तिची सासू लय खाष्ट. म्हनली, तूच दाखावलंस, तूच दिलंस देवीला. तवाधरनं ठमीनं पाजण्याबिगर तान्ह्या लेकराला हात म्हनून लावला नाय. आपल्या हाताला वंगाळ लागलंय म्हनती."

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी विचारलं, "मग तुम्हाला कुणी वाढवलं?"

"चुलतीनं. दात येईपर्यंत मी तिच्याकडेच. आई दूध पाजायला जायची, तोंडावर पदर घेऊन."

"कुणाच्या तोंडावर?"

"दोघांच्याही." ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "तू तिच्या मागे लागू नकोस हं. दात आले की घेईल."

पण मला दात येईपर्यंत थांबवत नव्हतं. वैजू आता माणसं ओळखायला लागली होती. आत्याबाई दोरी ओढायच्या तर ती मान वळवून दोरीच्या त्या टोकाकडे बघायची. कोण ओढतंय ते तिला बघायचं असायचं. आणि आत्याबाई चुलीकडे तोंड फिरवायच्या. मी नाही नाही ते करून पाहिलं. पीठ मळलेले हात दाखवून, "आत्याबाई, जरा घेता का, माझे हात भरलेत," म्हणाले. त्यांनी निमूटपणे माझ्या हातातली परात घेतली. म्हणाल्या, "पीठ म्या मळते, तू पोरगी घे." एकदा मुद्दाम नदीवर धुणं घेऊन गेले आणि उशीर लावला. परत आले तर वैजू रडून रडून लाल झालेली, आणि पाळण्यापासून हातभर अंतरावर आत्याबाई जमिनीवर बसून, दोरी धरून, तिच्याइतक्याच रडत होत्या. त्यानंतर मी तसं काही केलं नाही.

पितृपाठ संपत आला होता, घट चार-पाच दिवसांवर आले होते, तेव्हाची गोष्ट. पाऊस जाता जाता सलग पडला होता आणि गाभाऱ्याच्या भिंती घामेजल्यासारख्या झाल्या होत्या. सकाळी हे देवीला पाणी घालत होते, मी मंडपात फुलं निवडत होते. आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. मग हे ओरडले, "आई! अगं आई, खोळ सुटली!"

देवी खोळ टाकते हे ऐकलं होतं. शेंदराचे थर फार साचले की कधीतरी ते आपणहून सुटतात. मग गाव जमवायचं, खोळ वाजतगाजत नदीत सोडायची आणि त्याच दिवशी नवा शेंदूर चढवायचा. पण आत्याबाईंच्या हयातीत हे झालं नव्हतं, त्यांच्या सासूच्याही नाही.

घटकाभरात मंडप भरला. सरपंच धोंडीराम पाटील पुढे झाले, फेट्याचं टोक खोचत. आत गाभाऱ्यात हे आणि पाटीलच. बायका पायऱ्यांवर. मी वैजूला पदराखाली घेऊन खांबाला टेकून उभी. आत्याबाई मागच्या पायरीवर शेंदूर तेलात खलत बसल्या होत्या, नवा लेप त्यांनाच करायचा होता.

हे खोळीचे तुकडे हातानं अलगद सोडवत होते आणि टोपलीत ठेवत होते. एकेक तुकडा वीतभर जाड, आतून लाकडाच्या गाभ्यासारख्या रेघा असलेला. आधी खांदा निघाला. मग गळा, त्यातली माळ, मण्यामण्याची. मग तोंड निघालं. लांबट, शांत तोंड, किंचित डावीकडे झुकलेलं, आणि नजर समोर नव्हतीच. खाली होती, स्वतःच्या डाव्या बाजूला.

"आता दैत्य जपून काढ, देवराम," पाटील म्हणाले. "दात-बित आसतील त्याला."

बायका हसल्या. ह्यांनी तो उंचवट्याचा तुकडा धरला आणि तो अख्खाच्या अख्खा हातात आला, टोपीसारखा.

खाली कुरळे केस होते. गोल गाल. एक पाय देवीच्या पोटाशी लोंबत होता, आणि एका मुठीत तिच्या गळ्यातली माळ घट्ट धरलेली. तोंड तिच्याकडे वर केलेलं. शेंदरानं झाकलेलं म्हणून काही झिजलं नव्हतं, बोटांची नखंसुद्धा मोजता येतील अशी.

साळूबाईनंच आधी तोंड उघडलं, "आगं बया, हे तर पोर हाय!"

"दैत्यच बारका असंल," पाटील म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"दैत्य व्हय? दैत्य आईची माळ धरून बसतोय व्हय, पाटील? तुमच्या घरी दैत्यच हायेत मंग समदे."

मला माझ्या वडिलांनी लहानपणी दाखवलेली एक शिळा आठवली. सात आया ओळीनं बसलेल्या, एकेकीच्या अंगाखांद्यावर लेकरू. कुणीतरी आपल्या थडीआईलाही तशीच घडवली होती. मग शेंदूर चढत गेला, आई बुजली, लेकरू बुजलं आणि वरून गोष्ट तयार झाली. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्या लेकराला डहाळ्यांनी मारत होतो. जाड शेंदरामुळे त्याला लागलं नाही, एवढंच.

मी आत्याबाईंना बोलवायला गेले. त्या खलबत्त्यावरून उठल्या, शेंदरानं कोपरापर्यंत लाल. बायकांनी वाट दिली. त्या तीन पायऱ्या उतरल्या, समई उचलून त्या दगडी लेकराच्या तोंडाजवळ धरली आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिल्या.

"हे कवापासून हाय हितं?" त्यांनी विचारलं.

"आधीपासून, आई," हे म्हणाले. "मूर्ती आधी, शेंदूर मागनं."

"माह्या आधीपासून?"

"तुझ्या, आजीच्या, सगळ्यांच्या आधीपासून."

त्यांनी समई खाली ठेवली आणि त्या परत वर निघून गेल्या.

पुरुष खोळ घेऊन नदीवर गेले, डफ वाजायला लागला. मी मागच्या पायरीवर आत्याबाईंजवळ जाऊन बसले. वैजू पदराखाली झोपलेली. आत्याबाई खल फिरवत होत्या, पण शेंदूर केव्हाच मिळून आला होता.

"परमिले," त्या खलाकडेच बघत म्हणाल्या, "तिला तिचं लेकरू हाय."

"हो."

"मंग ती दुसऱ्याचं कशाला घील?"

"नाहीच घेत, आत्याबाई."

"मंग माहा भिका कशानं गेला?"

मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं असं होईल. पण त्यांचं तोंड बघून कळलं की उलटंच झालंय. इतकी वर्षं निदान त्यांच्याजवळ एक कारण तरी होतं. ते मी, ह्यांनी, त्या दगडातल्या पोरानं मिळून काढून घेतलं होतं. आणि मला खोटं बोलवेना.

"ताप आला होता त्याला," मी म्हणाले. "तेव्हा इथे दवाखाना नव्हता, औषध नव्हतं. तापानं जातात लेकरं."

"आसंच?"

"असंच."

"कुनी नेलं नाय?"

"कुणी नाही. तुम्हीही दिलं नाहीत."

त्यांनी खल बाजूला सारला. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आन् आसंच गेलेल्यापायी म्या देवरामचं तोंड नाय बघितलं. तान्हं व्हता तवा कसा दिसायचा, मला ठावंच नाय." मग म्हणाल्या, "चुलतीला इचारलं व्हतं म्या. ती म्हनली, गालाला खळी पडायची."

तेवढ्यात हे नदीवरून आले, ओल्या धोतरानं. आत्याबाई उठल्या आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही लाल हातांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय गं आई? काय झालं?" हे बावरले. "दाढी करायची राहिलीय माझी."

"हास जरा."

"आता?"

"हास म्हनलं ना!"

ते हसले, कसनुसे. दाढीच्या खुंटांतून, शेंदराच्या बोटांमधून, खळी पडली. आत्याबाईंनी ती पाहिली आणि हात खाली घेतले.

"जा. लेप चढवायचाय," त्या म्हणाल्या. "वाटी घे."

गाभाऱ्यात पुन्हा गर्दी झाली. ह्यांनी देवीच्या पायांपासून शेंदूर लावायला सुरुवात केली. पाय, लुगड्याच्या निऱ्या, कंबर. बोटं त्या दगडी लेकराच्या पायाला लागणार, तशा वरून आत्याबाई म्हणाल्या, "त्याला नगं."

"ठमाबाई, रीत हाय," पाटील म्हणाले. "समद्या मूर्तीला चढवायचा आसतो."

"रीत दैत्याला व्हती, लेकराला नाय. नाकातोंडात जाईल त्याच्या."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. पाटलांनी फेटा काढून काखेत धरला, परत घातला.

"देवी कोपली तर?" ते म्हणाले.

"तिला इचारा," आत्याबाई म्हणाल्या. "कंची आई कोपंल?"

लेप चढला तो असा. देवी शेंदरी आणि कडेवरचं पोर काळंभोर, अंघोळ घातल्यासारखं. गावातल्या काहींना ते आवडलं नाही. घटाच्या दिवशी बायका आल्या त्या सवयीनं लेकरं पदराखाली झाकूनच, आणि कुणी पदर काढायला धजेना. इतक्या वर्षांची भीती खोळीबरोबर नदीत थोडीच जाते? मीही, हे सगळं डोळ्यांनी पाहून, वैजूला झाकूनच नेलं.

आत्याबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, घटाच्या मातीत गहू पेरत. मी पायरी उतरून वाकले, तर त्यांनी मातीचे हात लुगड्याला पुसले आणि माझा पदर ओढून बाजूला केला.

"झाकलंस काय हिला? गुदमरंल ना पोरगी."

वैजूनं समईच्या उजेडात डोळे बारीक केले. आत्याबाईंनी हात पुढे केले. मी क्षणभर तशीच उभी राहिले, तर त्या खेकसल्या, "दे की! का आता मी म्हातारी झाले तरी नाय द्यायची?"

मी दिली. त्यांना घेताच येईना. कोपर वर, हात ताठ, पोरीचं डोकं लटपटतंय. मग हळूहळू कोपर खाली आलं, डोकं खांद्याच्या खळगीत बसलं. इतके दिवस दोरीच्या टोकाला कोण आहे ते शोधत होती, ते वैजूला सापडलं होतं. ती त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. आणि आत्याबाई तिच्याकडे, पदर न घेता.

"नाक तुह्यावर गेलंय," त्या मला म्हणाल्या. "बरं झालं. आमच्याकडं नाकं लय मोठी."

साळूबाई मागून म्हणाली, "ठमे, खाली बस, पाडशील."

"नाय पाडत."

एवढ्यात त्यांच्या लुगड्यावर ओला डाग पसरायला लागला. घटाचा दिवस, सोवळं, नवं लुगडं. मी कावरीबावरी होऊन दोन्ही हात पुढे केले, "आणा आत्याबाई, आणा इकडे."

त्यांनी वैजूला आणखी आत ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "वाळंल."